लॅपमावशी

लॅपमावशीची पापणी लवत नसे. एरवी लवायची, तुमच्याआमच्यासारखी. पण रेस सुरू झाली की संपेपर्यंत तिचे डोळे सताड उघडे. बाहेर मातीचे लपके उडताहेत, गाड्या कान फाडून जाताहेत, शेजारचा माणूस शिंकतोय, आणि ही बाई खिडकीशी वाकून अंतिम रेषेकडे टक लावून बसलेली. रेस संपली की खिशातून औषधाचे थेंब काढून दोन्ही डोळ्यांत टाकायची आणि म्हणायची, "चल, चहा कुठाय?"

ज्यांनी स्पीडवे पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीचा लंबगोल ट्रॅक असतो. डोक्यावर पत्र्याचा मोठा पंख लावलेल्या बुटक्या गाड्या त्यावर डावीकडे घसरत घसरत फिरतात, आणि एक फेरी दहा-बारा सेकंदांत उरकतात. कुठल्या गाडीच्या किती फेऱ्या झाल्या हे हल्ली यंत्र मोजतं. पण यंत्र कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून रेषेसमोरच्या खोलीत बसून दोन माणसं हातानेही मोजतात. एकाने रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर ओरडायचा, दुसऱ्याने मान खाली घालून तो लिहायचा. आमच्या ट्रॅकवर ओरडायचं काम मावशीचं होतं, आणि ती मराठीत ओरडायची.

मी तिच्याकडे भाडेकरू म्हणून आले. ऑस्ट्रेलियात गिरावीनला तिच्या घरामागे ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे अंगणातलं छोटंसं वेगळं घर होतं, आणि माझं युनीचं, म्हणजे युनिव्हर्सिटीचं, शेवटचं वर्ष चालू होतं. पहिल्या दिवशी मी तिला "तुम्ही" म्हटलं, तर तिने मागे वळून पाहिलं. "आणखी कोण आलंय?" मग माझ्याकडे बघून हसली. "मला तू म्हण. आमच्या वसईला देवालासुद्धा तूच म्हणतात."

दोनेक महिन्यांनी एका शनिवारी दुपारी तिने दार ठोठावलं. "तुला मराठी आकडे येतात?"

"म्हणजे काय! ठाण्याची आहे मी."

"मग बूट घाल."

तिचा नवरा, म्हणजे विन्सेंट काका, आदल्या वर्षी गेले होते. काका गॅरेजमध्ये मेकॅनिक, त्यांचा मालक स्वतः रेस करायचा, आणि त्या नादाने नवराबायको दोघंही दर शनिवारी ट्रॅकवर. ती ओरडायची, काका लिहायचे. काकांनंतर दोन-तीन ऑस्ट्रेलियन माणसं तिच्या शेजारी बसून गेली, पण घाईत मावशीच्या तोंडून इंग्रजी आकडा निघतच नसे. तिच्या वडिलांची वसईला पानवेलीची वाडी होती. लहानपणी ती पानं मोजायची आणि आई जुड्या बांधायची. तेव्हापासून मोजायचं म्हटलं की जीभ मराठीतच चालायची.

आता खरं सांगायचं तर मी इंग्लिश मीडियमची. पन्नासपर्यंत माझी गाडी बरी चालते, पुढे सगळा अंधार. पहिल्याच रेसमध्ये मावशी "एकोणऐंशी!" म्हणून ओरडली आणि मी बिनधास्त एकोणनव्वद लिहिलं. एकोणसाठचे एकोणसत्तर झाले. निकाल जुळवायला बसलो तेव्हा माझ्या कागदावर त्या दिवशी ट्रॅकवर नसलेल्या तीन गाड्या धावल्या होत्या आणि त्यातली एक जिंकली होती. मावशीने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि पोट धरून हसली. "ठाण्याची म्हणे!"

सोमवारपासून शिकवणी सुरू झाली. मावशीबरोबर स्टेशनला चालत जाताना प्रत्येक घराच्या लेटरबॉक्सवरचा नंबर मी मोठ्याने मराठीत म्हणायचा, असा हुकूम. गिरावीनचे रस्ते लांबलचक, त्यामुळे सरावाला तोटा नव्हता. चुकले की मावशी मला परत मागच्या घराच्या फाटकापर्यंत नेई. एकदा एका आजोबांना वाटलं मी त्यांचं घर विकत घ्यायला आलेय. युनी संपली, वेस्टमीडच्या लॅबमध्ये नोकरी लागली, पीआर झालं, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, पण ना मी तो ग्रॅनी फ्लॅट सोडला ना शनिवार. लॅबमधल्या मराठी मैत्रिणींना मी शनिवारी कुठे जाते हे कळल्यावर त्यांनीच तिला लॅपमावशी हे नाव ठेवलं. रविवारी ती चर्चमध्ये मिस्साला जायची तेव्हा तिच्या कानामागे हमखास ट्रॅकची माती असायची.

तिचा नियम एकच होता. गाडीने लाइन ओलांडल्याशिवाय नंबर लिहायचा नाही. एकदा शेवटच्या वळणावर एक गाडी इतकी पुढे होती की मी तिचा नंबर आधीच लिहून टाकला. गाडी रेषेच्या अलीकडे गर्रकन फिरली आणि उलटी होऊन बसली. ड्रायव्हर बाहेर येऊन हात हलवेपर्यंत मावशी तिकडेच बघत होती. मग तिने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "मी सांगेन तेच लिहायचं. आणि गाडीने लाइन ओलांडल्यावरच मी सांगणार." पुढची रेस सुरू होईपर्यंत पेन्सिल मला परत मिळाली नाही.

करोना आला त्याच सुमारास जुना ट्रॅक बंद होणार हे पक्कं झालं. ती जागा रेल्वेला हवी होती. त्याबदल्यात शहराच्या पश्चिमेला, पार लांब, नवं स्टेडियम बांधून देऊ असं सांगितलं गेलं. एक गुळगुळीत रंगीत पत्रकही वाटलं. त्यात हिरवं गवत होतं, फुगे घेतलेली मुलं होती, निळं आकाश होतं. आमच्या खिडकीच्या खाली केव्हिन नावाचा एक निवृत्त ट्रकवाला थर्मास घेऊन बसायचा. त्याने ते पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. "लव्हली ड्रॉइंग, मेट. माझी नातपण छान चित्रं काढते."

त्या सीझनमध्ये चहाच्या रांगेत दुसरा विषयच नव्हता. आधी हे पाडतील, मग म्हणतील पैसे करोनात गेले. बांधलं तरी बसायला जागा निम्मीच ठेवतील. आजूबाजूला घरं झाली की आवाजाची तक्रार येईल आणि तेही बंद पाडतील. सगळे मास्क लावून, दीड मीटरवर उभे राहून तावातावाने एकमेकांना हेच सांगत होते. मावशी ऐकून घ्यायची. मग एकदा तिने ते पत्रक मागून घेतलं, नाकाजवळ धरलं आणि बराच वेळ निरखलं.

"ह्यात फिनिश लाइन कुठाय?"

आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. ट्रॅक होता, गाड्या होत्या, रेषा नव्हती. चित्रकाराने काढलीच नव्हती. केव्हिन इतका हसला की चहा सांडला. मावशी मात्र हसली नाही. तिच्याकडे फेऱ्या लिहायच्या छापील कागदांचा नवा गठ्ठा होता, आणि प्रत्येक कागदाच्या वर ट्रॅकचं नाव लिहायला एक ओळ होती. पुढच्या वर्षासाठी मी नवीन नाव आताच घालून ठेवते म्हटलं, तर तिने गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला. "कोरी राहू दे ती ओळ."

जुन्या ट्रॅकची शेवटची रेस मला अजून लख्ख आठवते. मोजक्याच लोकांना आत सोडलं होतं, एकाआड एक खुर्ची रिकामी. मी मान खाली घालून लिहीत होते आणि मावशी ओरडत होती. चार, सत्तावीस, बासष्ट, एकोणचाळीस. चार, सत्तावीस, बासष्ट, एकोणचाळीस. सातव्या फेरीला चार आलं, सत्तावीस आलं, बासष्ट आलं आणि पुढे काहीच आलं नाही. गाडी समोरून गेल्याचा आवाज मी ऐकला होता. मी मान वर केली, जाणाऱ्या गाडीचा नंबर पाहिला आणि गुपचूप एकोणचाळीस लिहिलं. इतक्या वर्षांत मी तिने न सांगितलेला आकडा पहिल्यांदाच लिहीत होते. पुढच्या फेरीला तिचा आवाज परत आला आणि आम्ही दोघींनी काही झालंच नाही असं दाखवलं.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या भागाला कडक लॉकडाऊन लागला. माझी लॅबमध्ये शिफ्टवर शिफ्ट चालली होती, स्वॅबच्या नळ्या संपता संपत नव्हत्या. मावशीचं वय सत्तरीपुढचं, त्यामुळे मी तिच्या घरात पाऊल टाकत नसे. मी घरी असले की दुपारी आम्ही अंगणात दोन टोकांना खुर्च्या टाकून बसायचो, मध्ये कपडे वाळत घालायचा दांडा. एक दिवस ती तिथूनच म्हणाली, "ते एकोणचाळीस तू लिहिलंस."

मी दांड्यावरच्या कपड्यांकडे बघत राहिले.

"डॉक्टर म्हणतो डोळ्याचा पडदा झिजतोय. जिथे बघते तिथेच मधोमध डाग दिसतो. इंजेक्शन देतात डोळ्यात, पण किती दिवस टिकेल सांगत नाहीत." तिची मुलगी शॅरन ॲडलेडला, मॉसन लेक्सच्या युनीत नोकरी करायची आणि रोज फोन करून बोलवायची. "मी तिला सांगितलंय, नव्या ट्रॅकवर एक सीझन करते, मग येते. आता ट्रॅक आधी लाइन ओलांडतो की माझे डोळे, तेवढंच बघायचं."

माझा संताप झाला. एका मातीच्या ट्रॅकसाठी ही बाई आंधळी होईपर्यंत इथे एकटी राहणार होती. मी म्हटलं, "मावशी, सगळे म्हणतात तो होणारच नाही. कशाला थांबतेस?"

तिने खिशातून थेंबांची बाटली काढली. मग म्हणाली, "आमच्या वाडीतून रस्ता काढला ना, तेव्हा विहीर बुजवली. नवी बांधून देतो म्हणाले. माझा बाप थांबला होता."

"मग?"

"मग काय. थांबला होता." तिने डोळे पुसले, थेंब टाकायच्या निमित्ताने. "मला एकदा तरी बघायचंय, देतो म्हणून दिलेलं."

लॉकडाऊन उठल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी मी तिला गाडीत घालून नव्या जागेवर नेलं. तारेच्या कुंपणाशी केव्हिन आधीच उभा, थर्माससकट. "नो वरीज, आँटी," तो म्हणाला, "मी मरेपर्यंत वेळ आहे त्यांच्याकडे." मावशीने तारेत बोटं अडकवली आणि नेहमीसारखी वाकली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सांग. डावीकडून सुरुवात कर."

मी सांगत गेले. एक पिवळा डंपर. मातीचा ढीग, लालसर. दोन माणसं, एक बसलेलं. मधे खड्डा, त्यात पाणी. लांबवर लोखंडाचे खांब, सहा.

"आणि लाइन?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि तारेतून बोटं सोडवून घेतली.

त्यानंतर पाऊस लागला. आठवडेच्या आठवडे पडत राहिला आणि काम पुढे पुढे ढकललं गेलं. तोवर मावशीला गॅसची ज्योत नीट दिसेनाशी झाली होती. एकदा तिने हात भाजून घेतला आणि त्याच संध्याकाळी स्वतःच शॅरनला फोन करून तिकीट काढायला सांगितलं. मला तिने काही समजावलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी आत जाऊन रडले.

एअरपोर्टला निघताना तिने मला तिची गादी दिली, ट्रॅकवर बसायला स्वतः शिवलेली, जुन्या साड्या भरलेली. माझी खात्री होती की आता क्लिपबोर्ड आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठाही देईल. पण ते तिने आपल्या बॅगेत भरले होते.

"ते कशाला नेतेस? तुला दिसत कुठे..." बोलून गेले आणि जीभ चावली.

"जवळचं दिसतं मला. जाड पेन आणलंय शॅरनने." तिने माझा गाल चाचपडला. "डोळ्यांचं काम आता तुझं. लेटरबॉक्स म्हणतेस ना अजून?"

"म्हणते."

नवं स्टेडियम शेवटी उघडलं. दुपारी सरावाच्या फेऱ्यांपासूनच लोक येऊन बसले होते. गवत पत्रकातल्याइतकं हिरवं नव्हतं, पार्किंगवरून भांडणं होतीच, केव्हिनला खुर्च्या अरुंद वाटत होत्या. पण ट्रॅक होता. मोजणीच्या खोलीत सगळे संगणकाचे पडदे आणि यंत्रं. हाताने मोजायला माणसं लागतात का हे विचारायलाही मी गेले नाही. रेषेच्या अगदी समोर गादी टाकून बसले, कानात इअरफोन घातले आणि ॲडलेडला फोन लावला.

"लाइन आहे?" तिने आधी तेच विचारलं.

"आहे. पांढरी. नवी कोरी."

"कुणी ओलांडली?"

"अजून नाही. थांब."

पहिल्या रेसच्या गाड्या चौथ्या वळणातून बाहेर पडल्या. मी वाकले. मातीचा एक लपका येऊन खांद्यावर बसला, डोळ्यांत पाणी आलं, पण पापणी लवू दिली नाही. "एकोणऐंशी!" मी ओरडले. "चौदा! सदुसष्ट! पाच! एकोणसाठ!" आजूबाजूची माणसं वळून वळून बघत होती. केव्हिनने फक्त आपली टोपी काढून मांडीवर ठेवली. पलीकडून मावशीचा आवाज येत नव्हता, नुसती पेन कागदावर घासल्याची खरखर ऐकू येत होती. सगळ्या फेऱ्या मी तशीच ओरडत राहिले आणि शेवटी माझा आवाज बसला.

संध्याकाळी शॅरनने कागदाचा फोटो पाठवला. एकेक आकडा बोटाएवढा, ओळी सोडून गेलेला, काही एकमेकांवर चढलेले. मी अधिकृत निकालाशी ताडून पाहिलं. एकही फेरी चुकली नव्हती. आणि सगळ्यात वर, दोन वर्षं कोऱ्या ठेवलेल्या त्या ओळीत, थरथरत्या जाड अक्षरांत तिने नव्या ट्रॅकचं नाव लिहिलं होतं.