पुस्तकात घोडा मरत नाही

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल मुलांच्या पुस्तकांवरून काढलेला जादूचा सिनेमा पाहायला एकटाच गेलो होतो. पुढच्या रांगेतली मुलगी कुजबुजली, "बाबा, पुस्तकात उडता घोडा मरत नाही!" बाबा पडदा सोडून तिच्याकडे वाकले. "मग काय होतं गं?"

विचारायला किती थोडा वेळ लागतो! माझी लेक नंदाही लहानपणी अशाच एका सिनेमात असंच म्हणत रडली होती. मी तेव्हा पेपरात सिनेमाची परीक्षणं लिहायचो. तिचं रडणं मी विनोद म्हणून छापलं. वर्गात तिला सगळे हसले. पुन्हा ती माझ्याबरोबर सिनेमाला आली नाही.

घरी येऊन तिला फोन लावला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो," म्हणालो. 'चुकलो' म्हणायचं होतं.