माझ्या काकडीच्या चकत्या

गुरूने शिष्याकडून हरण्यात आनंद मानावा, असं सांगणाऱ्या लोकांचा मला मनस्वी राग येतो. त्यांच्यापैकी एकाचीही नोकरी त्याच्या विद्यार्थ्याने घेतलेली नसते. माझी घेतली. त्यात त्या पोराचा काही दोष नाही असंही लोक सांगतात, आणि तेही मला ऐकवत नाही.

आमचं कॉलेज पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्यावर. तिथे मी बी.एस्सी.ला गणित शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात असाल तेवढा तास तुम्ही प्राध्यापक, घंटा झाली की कोणी नाही. उन्हाळ्यात तर नाहीच नाही. दर वर्षी जून उजाडला की पुन्हा नवा अर्ज, पुन्हा तीच मुलाखत, आणि मुलाखत घेणारे पुन्हा विचारणार, "तुम्हाला शिकवण्याचा अनुभव आहे का?" मी लागले तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. आता ती माझी स्कूटी मागते.

मध्ये आमचे जुने सर निवृत्त झाले आणि गणिताची एक कायम जागा रिकामी पडली. ती भरायला परवानगी मिळेपर्यंत इतकी वर्षं गेली की त्या जागेवर लोकांचा विश्वासच उरला नव्हता. शेवटी जाहिरात आली. जागा एकच. ती मला मिळाली तर मिळाली, नाहीतर दुसरा कोणी कायम होऊन येणार आणि सगळे तास त्याच्याकडे जाणार. म्हणजे माझे तासही संपणार. हे विभागप्रमुखांनी मला चहा पिता पिता सांगितलं, पाऊस कधी येणार हे सांगावं तसं.

मुलाखतीच्या पत्रात दहा मिनिटांच्या पाठाचा विषयही दिला होता. सगळ्या उमेदवारांना एकच: परिभ्रमणाने तयार होणाऱ्या घनाकृतींचं घनफळ, चकती पद्धत. वाचून मी घरात एकटीच मोठ्याने हसले. देव पावला म्हणतात तो असा.

कारण या पाठावर कॉलेजात मी ओळखली जायचे. पोरं मला मागून 'काकडीवाली मॅडम' म्हणत आणि ते मला माहीत होतं. मी वर्गात एक काकडी, सुरी आणि मिठाची पुडी घेऊन जायचे. काकडी टेबलावर आडवी ठेवायची. तिच्या पोटातून आरपार जाणारी रेघ म्हणजे अक्ष. वरची हिरवी कड म्हणजे आपला वक्र. तो वक्र या अक्षाभोवती एक पूर्ण फेरा फिरला की काकडी तयार. आता घनफळ काढायचं कसं? वाकडीतिकडी गोष्ट आहे, सूत्र कुठलं लावणार? मग मी सुरी उचलायचे. एकेक चकती कापत म्हणायचे, "सासूबाईंनी काकडी बारीक चिरायला सांगितली की तोंड वाकडं करू नका, कलन शिका." चकती गोल, म्हणून तिचं क्षेत्रफळ पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. त्याला त्या इवल्याशा जाडीने गुणलं की चकतीचं घनफळ. सगळ्या चकत्यांची बेरीज केली की अख्खी काकडी परत मिळाली. चकती जितकी पातळ, तितकं उत्तर खरं. मग मीठ लावून वर्गात वाटायची.

तास संपता संपता मी शेवटची चकती घ्यायचे आणि पेनाच्या टोपणाने तिच्या मधला गर काढायचे. भोकाची चकती. वाळूजच्या कंपनीत ज्याचा बाप कामाला असेल तो लगेच ओरडायचा, "वॉशर!" आता या वॉशरचं काय? मी फळ्यावर लिहायचे: बाहेरची त्रिज्या वजा आतली त्रिज्या, त्याला कंस, कंसाचा वर्ग. "सोपं आहे. मोठ्यातून बारकं वजा करायचं, वर्ग करायचा, संपलं." खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि वर्गाबाहेर.

ते साफ चूक आहे. मुद्दाम केलेली. वर्ग आधी करायचे असतात, वजाबाकी नंतर. दुसऱ्या दिवशी मी पहिला प्रश्न विचारायचे, "काल मी तुम्हाला फसवलं, कोणाच्या लक्षात आलं?" दोन-तीन हात वर यायचे, आणि त्या हातांसाठीच मी इतकी वर्षं त्या घंटेला बांधून घेतलं होतं. बाकीचे कपाळावर हात मारायचे. एकदा असं फसलेलं पोर ती चूक जन्मात करत नाही, असं मी अभिमानाने सांगत फिरायचे.

मुलाखतीच्या दिवशी व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्या पिशवीत काकडी. एवढ्यात एक उंच तरुण वाकून पाया पडला. माझाच विद्यार्थी, वैजापूरकडचा. पुढे विद्यापीठातून एम.एस्सी. केलं, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाला, हे मला कळलं होतं.

"मॅडम, तुमी इथं? मला वाटलं तुमचं कवाच पर्मनंट झालं असंल."

मी हसले. काय करणार? त्याला आधी बोलावलं. तो आत गेला, दार लागलं, पण खिडकी उघडी होती.

पहिल्यांदा मला वाटलं, भास होतोय. मग सासूबाईंचं वाक्य ऐकू आलं. माझं वाक्य, माझ्याच ठेक्यात, थांबायचं तिथेच थांबून. आत सगळे हसले, माझा वर्ग हसतो तसेच. मग सुरीचा टकटक आवाज. मी व्हरांड्यात बसून माझा पाठ ऐकत होते आणि तो खरंच चांगला होता, हे सगळ्यात वाईट. बाहेर उरलेल्या उमेदवारांपैकी एक म्हणाला, "लई भारी शिकवतोय राव." मी पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली. रडू येत होतं की संताप, मला कळत नव्हतं. बहुतेक संतापच.

त्याच्यानंतर माझा नंबर. मी आत गेले तेव्हा समिती त्याची काकडी खात होती. मधोमध संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ. तज्ज्ञांना त्या दिवशी वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं, हे सकाळपासून कॉलेजभर सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी खाली उभीच होती. माझ्या पिशवीतून काकडीचा देठ बाहेर डोकावत होता.

"अरे, पुन्हा काकडीच?" अध्यक्ष म्हणाले. "मॅडम, आत्ताच झाली ना ही. काहीतरी स्वतःचं करायचं."

मी तोंड उघडणार होते की हे माझंच आहे, साहेब, त्याला मीच शिकवलंय. पण नजर फळ्यावर गेली. फळा पुसलेला नव्हता. त्याच्या वळणदार अक्षरात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: मोठी त्रिज्या वजा लहान त्रिज्या, कंस, कंसाचा वर्ग. खाली दोन रेघा. त्याने माझा सापळासुद्धा उचलला होता, आणि तो सापळा आहे हे त्याला माहीतच नव्हतं! आणि समोर तज्ज्ञ मिठाची बोटं चाटत बसले होते.

गप्प बसायला हवं होतं, असं नंतर मला घरीदारी सगळ्यांनी सुनावलं. मला नाही वाटत. आजही नाही. मी म्हणाले, "सर, हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"शेवटचं सूत्र." मी खडू घेतला. "बाहेरची त्रिज्या तीन धरा, भोकाची दोन. मोठ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ नऊ पाय, भोकाचं चार पाय. उरलं पाच पाय. या सूत्राने येतंय एक पाय. बाकीची चकती गेली कुठं?"

तज्ज्ञांनी चष्मा काढून पुसला. थोड्या वेळापूर्वी याच सूत्रावर त्यांनी मान डोलावली असणार. नाहीतर कोणीतरी ते पुसलं असतं. आता ते मान्य करायचं म्हणजे अध्यक्षांच्या देखत स्वतःचा अपमान करून घ्यायचा.

"घाईत होतं असं," ते कोरडेपणाने म्हणाले. "मुद्दा अध्यापनकौशल्याचा आहे. तुम्ही तुमचा पाठ घ्या."

"आणि दुसऱ्याच्या चुका काढणं जरा आवरा," अध्यक्ष म्हणाले. "विद्यार्थीच आहे ना तो तुमचा?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी काकडी पिशवीतच ठेवली आणि शंकूचं घनफळ काढून दाखवलं. बिनचूक काढलं. एकानेही फळ्याकडे पाहिलं नाही. चहा आला होता.

निवड त्याची झाली. वशिला होता म्हणावं तर तोही नव्हता. असता तर बरं झालं असतं, शिव्या घालायला कोणीतरी सापडलं असतं. विभागप्रमुख भेटले आणि हात जोडून म्हणाले, "शिष्यादिच्छेत् पराजयम्, मॅडम. मोठ्या मनाने घ्या." मी म्हणाले, "सर, तो माझ्यापेक्षा पुढं गेला असता तर मीच पेढे वाटले असते. तो मी जिथं खडू ठेवला तिथंच उभा आहे." त्यांना ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. जाण्याआधी नव्या सरांना अभ्यासक्रम जरा समजावून द्या, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

तो रुजू झाला त्या दिवशी मी गणित विभागात माझं सामान आवरत होते. कप, खडूची डबी, मुलीचा एक जुना फोटो. तो पेढ्याचा पुडा घेऊन आला. मी पुडा घेतला आणि विचारलं, "त्या कंसाच्या वर्गाचं काय? दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं होतं. तू कुठं होतास?"

तो गडबडला. "गावाकडं होतो मॅडम. कांदा काढायला गेल्तो. मित्राच्या वहीतून उतरवून घेतलं, पण त्येच्यातबी तेवढंच हुतं."

"आणि पुढं? एम.एस्सी. झालास, सेट झालास. एकदाही आकडे घालून पाहिलं नाहीस?"

"न्हाई," तो म्हणाला. "तुमी सांगितलं म्हणल्यावर ते चूक असंल असं वाटलंच न्हाई कवा."

इतकी वर्षं पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून मी घसा कोरडा केला. याने ठेवला होता, पुरेपूर. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं काहीच केलं नाही. डबी पिशवीत टाकली.

"रागावलात का मॅडम?"

"हो, रागावले."

टेबलामागची खुर्ची रिकामी होती. ती आता त्याची होती, निवृत्त होईपर्यंत त्याची. तरी तो तिच्या शेजारी हात मागे बांधून उभा राहिला, वर्गात उत्तर चुकल्यावर राहायचा तसा, माझ्याकडे बघत. मी पिशवी उचलली, स्कूटीची किल्ली घेतली आणि बाहेर पडले. त्याला बस म्हटलं नाही.