गुरुवारी माझ्या जागेवर कोण होतं

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. मी सायन्सचा विद्यार्थी आहे. नोकरी करत मुक्त विद्यापीठातून बीएस्सीचं शेवटचं वर्ष करतोय. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे गावात कोणी चकवा, भूतबाधा असं काही बोलायला लागलं की मी हळूच उठून जायचो. वाद घालायचा माझा स्वभाव नाही, पण विश्वास अजिबात नव्हता. आता काय म्हणावं ते कळत नाही... म्हणून फक्त घडलं तसं लिहितो.

आमचं गाव कुंडलिका खाडीच्या काठी, रेवदंड्याहून रोह्याला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. बाबा होडीवर खलाशी होते, पण आजारपणामुळे आता घरीच असतात. घर माझ्या पगारावर चालायचं. मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत, टेस्टिंग लॅबमध्ये असिस्टंट होतो. माझ्यासोबत नाझीम. तो चौलकडचा, वयाने थोडा मोठा, आणि बोलायला माझ्या दहापट पुढे.

गेल्या वर्षी बातमी आली की प्लांट गुजरातला हलणार. ऑफिसमधून कोणी काही सांगेना. पण एकेक रिअॅक्टर ट्रेलरवर चढून गेटबाहेर जायला लागला, तेव्हा सांगायची गरजच उरली नाही.

प्रश्न एवढाच होता की दुसरी नोकरी कधी शोधायची. आपण होऊन सोडली तर कंपनी बंद होताना मिळणारी भरपाई बुडणार. शोधतोय हे वर कळलं तर कमी करायच्या माणसांत पहिलं नाव आपलं. आणि थांबलो तर सगळा प्लांट एकाच वेळी त्याच चार दारांत उभा राहणार. मला रात्री झोप लागेना, अभ्यासाचं पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसायची.

नाझीम म्हणायचा, "घाई केलीस तर इकडचं जाईल, उशीर केलास तर तिकडचं. आपलं दोन्हीकडून सालपट निघणार बघ. मी तर भाईजानला सांगितलंय, कतारला बोलव. तुझा कोण आहे तिकडे?"

"कोणी नाही."

"मग अर्ज टाक ना बाबा. लाजतोस काय नव्या नवरीसारखा?"

मी गुपचूप तळोज्याच्या एका कंपनीत अर्ज टाकला. तिकडून बोलावणं आलं, गुरुवारचं. त्याच सुमारास आईला कंपनीचं कुठून तरी कळलं. ती म्हणाली, "पयला देवाला इचारू. मंग काय तो अर्ज कर."

आमच्याकडे लग्न असो, घर असो, देवाला कौल लावल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि एकदा कौल घेतला की त्याच्याविरुद्ध कोणी जात नाही. मी आईच्या समाधानासाठी गेलो. गुरवकाकांनी विचारलं, "पोरानं दुसरी नोकरी धरावी काय, सांग देवा."

डावी पाकळी लगेच पडली. जणू वाटच बघत होती.

"थांबायचा," गुरवकाका म्हणाले. आईने पदराने डोळे पुसले. मला वाटलं, पाणी कमी लागलं असेल त्या बाजूला. इतकंच.

गुरुवारी सकाळी कंपनीत ताप आल्याचा मेसेज टाकला आणि पनवेलची एसटी धरली. आईला वाटलं मी ड्युटीला गेलो. इंटरव्ह्यू बरा झाला. तिथल्या एचआर मॅडमनी दोन-चार प्रश्न विचारले, एका सरांनी लॅबमध्ये टायट्रेशनची चाचणी करायला लावली. गेटवर दिलेल्या व्हिजिटर पासचा मी फोटो काढला होता, तो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मलाच त्याची गरज पडली.

शुक्रवारी लॅबमध्ये शिरलो, तर नाझीम म्हणाला, "बरं वाटतंय का आज? काल अंग तापलेलं तुझं, तर घरी झोपायचं ना."

"झोपलोच होतो," मी म्हटलं.

तो हसला. "हां, इथे स्टूलवर. दिवसभर तोंड शिवल्यासारखा बसलेलास. आणि गुरुवारी सुकट खाल्लीस माझ्या डब्यातली. मी म्हटलं, याला तापात देव पण आठवेना."

मी गुरुवारी मासळी खात नाही. मला वाटलं थट्टा करतोय. मी आवाज बारीक करून त्याला सगळं खरं सांगितलं, पासचा फोटो दाखवला. त्याने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचं हसू हळूहळू गेलं.

"रुपेश, काल हेड ऑफिसचा साहेब आलेला," तो म्हणाला. "न सांगता. एकेकाला बोलावून बोलला. तू आत गेलास... माझ्यासमोर गेलास."

मोबाईलवर बघितलं, तर माझा मेसेज पाठवलाच गेला नव्हता. गेटवरच्या थंब मशीनमध्ये माझी हजेरी होती. माझा लॅबकोट खुंटीला होता, आणि त्याच्या बाहीवर परमँगनेटचा तपकिरी डाग. बुधवारी तो नव्हता.

पुढच्या आठवड्यात लॅबमधल्या एकाला कमी केलं. तो त्या गुरुवारी खरोखर रजेवर होता. माझी नोकरी राहिली.

मग तळोज्याहून फोन आला. त्याच मॅडम. लगेच जॉईन व्हा म्हणाल्या. मी काय करायला हवं होतं? आधी कौल थांब म्हणाला, आणि मग माझी जागा कोणीतरी माझ्यासाठी राखली... मी घाबरलो होतो आणि थोडा सुखावलोही होतो. मी नाही म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "बघा हं, मग जागा राहणार नाही."

दिवाळीनंतर प्लांट बंद झाला. सगळ्यांसाठीच. भरपाईचं प्रकरण कोर्टात अडकलंय. नाझीम कतारला गेला. मी रोह्यापासून खोपोलीपर्यंत सगळीकडे फिरलो. प्रत्येक गेटवर आमच्याच कंपनीची ओळखीची तोंडं आधीच उभी असायची. बाबांच्या गोळ्या एक दिवसाआड द्यायला लागलो, त्यांना न सांगता. परीक्षेचा फॉर्म भरला नाही.

शेवटी लाज सोडून मी तळोज्याला फोन केला. म्हटलं, "मॅडम, नमस्कार, रुपेश बोलतोय..."

"हां रुपेश, बोला ना," त्या लगेच म्हणाल्या. "आज सेकंड शिफ्ट ना तुमची? मग ऑफिसच्या नंबरवर कशाला? रजा हवी आहे का?"

मी मोबाईल कानापासून काढून नंबर बघितला. तळोज्याचाच होता.

"हॅलो? बाबांची तब्येत बरी आहे ना आता?"

मी फोन ठेवला. माझ्या नावाचा दुसरा कोणी असेल, असं मी स्वतःला खूप वेळा सांगितलं. पण इंटरव्ह्यूमध्ये मी बाबांबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. नाझीमला मेसेज केला, तर त्याचं उत्तर आलं, "जा आणि बघ." एकदा निघालोही. पनवेल स्टँडवर उतरलो, आणि समोर लागलेल्या परतीच्या एसटीत बसलो. शिफ्ट सुटताना त्या गेटवर उभं राहायची माझी हिंमत नाही.

तेव्हापासून मी कुठेही अर्ज केलेला नाही. याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून समजत नाही, आणि तुमच्यापैकी कोणाला समजलं तर ते ऐकण्याचीही थोडी भीतीच वाटते.

आईला यातलं काही माहीत नाही. मी बाहेरून आलो की ती विचारते, "कुठं लागलं का रं?" पूर्वी मी "नाही" म्हणायचो. आता मी गप्प राहतो, कारण खरं उत्तर काय आहे ते मलाच माहीत नाही.