एकसष्ट जणांची यादी

रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये अठरा वर्षं काढलेल्या बाईंना सगळे फाइलताई म्हणत. एकदा कुठल्याशा भामट्यांनी रुग्णालयाचे सगळे कॉम्प्युटर बंद पाडले आणि चार दिवस कुणाचेच जुने रिपोर्ट मिळेनात. खिडकीशी येऊन लोकांनी घातलेल्या शिव्या फाइलताईंनी एकट्यांनी खाल्ल्या. पाचव्या दिवशी त्यांनी सायबर सुरक्षेच्या एम.एस्सी.चा फॉर्म भरला. वय वर्षं त्रेचाळीस. नवरा म्हणाला, "टीव्हीचा रिमोट दुसऱ्याच्या हातात बघवत नाही तुला. पहारा चांगला देशील."

दोन वर्षं ड्युटी सांभाळून अभ्यास झाला. वर्गातल्या पोरांनी आधी काकू म्हणून चिडवलं, मग काकूंच्याच वह्या झेरॉक्सला नेल्या. शेवटी उरला प्रबंध. माणसं फसव्या मेसेजला का भुलतात, हा विषय. त्यासाठी आपल्याच रुग्णालयातल्या दोनशे बारा जणांना त्यांनी एक खोटा मेसेज पाठवला: 'आपली रजा मंजूर झाली आहे. खात्रीसाठी खालच्या लिंकवर पासवर्ड टाका.' पासवर्ड टाकला की 'नोंद झाली' एवढंच दिसे. ही चाचणी आहे हे कुणाला सांगायचं नाही, बभ्रा झाला तर आकडे बिघडतील, असं गाइड सरांनी बजावलं होतं. एकसष्ट जण फसले.

तो आकडा मोठ्या साहेबांच्या कानावर गेला आणि फाइलताईंना वर बोलावणं आलं.

"यादी द्या," साहेब म्हणाले.

"साहेब, नावं कुणाला कळणार नाहीत, असं परवानगीच्या पत्रात लिहिलंय. सही तुमचीच आहे."

"ते कॉलेजला दाखवायला. असल्या बावळटांमुळेच मागे आपण बुडालो. यातले कंत्राटावरचे आधी घरी पाठवतो, म्हणजे बाकीचे शिकतील."

फाइलताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे बुडालो ते कुणामुळे? त्याआधीची तीन वर्षं कॉम्प्युटर अपडेट करा म्हणून त्यांनी सहा अर्ज दिले होते, आणि सहाही या माणसाच्या टेबलावर धूळ खात पडले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही जुनीच खोड. आणि बावळट कोण? ज्यांच्या रजेचे अर्ज महिनोन्‌महिने लटकवून ठेवले, ती माणसं 'रजा मंजूर' वाचून लिंक दाबणार नाहीत तर काय करतील?

"आणि नाही दिली तर?"

"तर काम पूर्ण झाल्याचं पत्र मिळणार नाही. त्याशिवाय कॉलेज प्रबंध घेत नाही ना? बघा बाई, दोन वर्षं वाया जातील."

त्या खाली आल्या. नावं असलेली एकच फाइल होती. ती त्यांनी पुसली, पेन ड्राइव्हवरची प्रतही पुसली, आणि पुन्हा कुणाच्या बापाला सापडणार नाही अशी पुसली. तेवढं तर त्या शिकल्याच होत्या. डिग्री गेली तर गेली. एकसष्ट जणांच्या पोटावरचा पाय आपण हटवला, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तेवढ्यात बाळंतिणींच्या वॉर्डातल्या मावशी खिडकीशी आल्या. कंत्राटावरच्याच. हातात कपड्यांची पिशवी.

"ताई, जरा कॉम्प्युटरात बघता का? माझी रजा मंजूर झाल्याचा मेसेज आलाय, पासवर्डही टाकला मी, आणि सिस्टर म्हणतात कागद नाही. चार वेळा अर्ज परत आला होता हो माझा. लेकीचे दिवस भरलेत, तिकडं दुसरं कुणी नाही तिला. मी येते म्हणून कळवलंय."

फाइलताईंनी कॉम्प्युटरला हात लावला नाही.

"मावशी, तो मेसेज खोटा आहे."

"खोटा कसा? रुग्णालयाच्या नावानं आलाय."

"मीच पाठवला होता. माझ्या अभ्यासासाठी."

साहेबांवर धरलेला सगळा संताप फाइलताईंच्या अंगावर उलटला. रजाच का निवडली आपण? सगळ्यात जास्त माणसं तिलाच भुलतील, म्हणून. प्रबंधात तसं कारणासकट लिहिलं होतं, आणि सरांनी त्या वाक्याखाली 'उत्तम' असा शेरा मारला होता.

"माझं नाव साहेबांकडं गेलं का?" मावशींनी विचारलं.

"नाही. कुणाचंच नाही जाणार. पुसून टाकलं मी."

"बरं केलंत." मावशींनी पिशवी खाली ठेवली, फोन काढला, नंबर लावला आणि खिडकीतून आत सरकवला. "लेकीला तेवढं तुम्हीच सांगा. माझ्यानं नाही सांगवणार."

फाइलताईंनी फोन कानाला लावला.

"आई," पलीकडून आवाज आला, "निघालीस का?"