तोंडातला खिळा

किल्लीदादाच्या मते जगात बंद असं काही नसतं. आपल्या हातात चुकीची किल्ली असते, एवढंच. हे तत्त्वज्ञान तो गिऱ्हाइकाला फुकट ऐकवतो, आणि तेही तोंडात दोन-तीन बारीक खिळे धरून, त्यामुळे ते निम्मंच कळतं. चष्म्याच्या दुकानाच्या आणि लाँड्रीच्या मधल्या फटीत त्याचं दुकान आहे. दीड माणूस मावेल एवढं. एक माणूस तो, आणि अर्धा म्हणजे किल्ल्या कापायचं यंत्र. मी वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे त्या यंत्राची किरकिर आणि त्याचं तत्त्वज्ञान ही दोन्ही माझ्या नशिबात आहेत.

वहिनी म्हणजे त्याची बायको. शाळेच्या वाचनालयात होती आणि आमच्या अख्ख्या इमारतीची ‘ळ’ची पहारेकरी होती. कुणी ‘वेल झाली’ म्हणालं की जिन्यातून आवाज यायचा, “कसली वेल? जाईची की भोपळ्याची?” दादावर तर तिची खास नजर. तो खिळे तोंडात धरून “जरा तो खिला दे” म्हणायचा, आणि ती दुकानामागच्या घरातून ओरडायची, “अहो, आधी तोंडातला खिळा काढा, मग खिळा म्हणा!” दिवसातून निदान दहा वेळा. रस्त्यावरच्या लोकांना ते वाक्य पाठ होतं.

गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली, आणि गाठीबरोबर तिचा कंठही काढावा लागला. जीव वाचला. आवाज गेला तो कायमचा.

त्यानंतर त्या घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. मुकी झाली वहिनी, आणि गप्प झाला दादा. टीव्हीचा आवाज त्याने बंद केला. रेडिओवर टॉवेल टाकला. तिच्याशी तो चक्क खुणा करून बोलायला लागला. चहा हवा असेल तर हवेत कप धरून दाखवायचा. शेवटी वहिनीने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे धरलं, ‘घसा गेलाय. कान जागेवर आहेत.’ त्याने मान डोलावली, आणि ‘समजलं’ हेही खुणेनेच सांगितलं.

रुग्णालयातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी मग एक वाट दाखवली. टाइप केलेलं बोलून दाखवणारं एक यंत्र असतं, आणि त्याला माणसाचा स्वतःचा जुना आवाज शिकवता येतो. “मात्र आवाज साधा, शांत बोलण्याचा हवा. निदान वीस मिनिटं. मागे वाद्यं नकोत. महिन्याने गुरुवारी घेऊन या, मग मी लांबच्या रजेवर जातेय.”

दादाने फोन धुंडाळला. वहिनीचे सगळे निरोप मिळून सव्वा मिनिट भरले, त्यातही बहुतेक ‘हं’ आणि ‘आले’. घरच्या माणसाचा आवाज कोण साठवून ठेवतो? तो काय, रोज फुकट मिळतच असतो.

मग त्याला जुन्या डिस्कचा खोका आठवला. लग्नाआधी वहिनीने दोन वर्षं एका जपानी मालिकेला आपल्या भाषेतला आवाज दिला होता. ‘कार्टून’ म्हटलेलं तिला खपायचं नाही, ‘ॲनिमे’ म्हणायचं. त्यात ठिणगी नावाचा दहा वर्षांचा पोरगा हवाई जहाज चालवतो आणि वाटेत भेटेल त्याच्याशी भांडतो. तो ठिणगी म्हणजे वहिनी. ती कंपनी केव्हाच बुडाली, पण जाताना तिने वहिनीला एकोणीस डिस्क भेट दिल्या होत्या.

अडचण एकच होती. ठिणगी सदा ओरडतो. उडताना ओरडतो, जेवताना ओरडतो, झोपेत तर जास्तच. सबंध मालिकेत तो शांत बोलतो तो फक्त सातव्या डिस्कवर. ताप येऊन अंथरुणात पडलेला असतो आणि जहाजातल्या बोलायच्या नळीतून खालच्या मजल्यावरच्या आईशी हळू आवाजात बोलत राहतो. पुरी बावीस मिनिटं. म्हणजे सगळी मदार सातव्या डिस्कवर.

बाईंच्या संगणकाला डिस्क घालायची खाचच नव्हती, त्यांना फाइली हव्या होत्या. दादाने एक जुना संगणक आणून किल्ल्यांच्या यंत्राशेजारी बसवला, डिस्कवरचा व्हिडिओ दाबून लहान फाइल करणारं एक सॉफ्टवेअर मिळवलं आणि खुर्ची ओढून बसला. “हे कुलूपच आहे रे,” मला म्हणाला. “फक्त दाते दिसत नाहीत.”

पहिले दोन आठवडे त्याने जो छळ सोसला, तो मी डोळ्यांनी पाहिला. चित्रात काही हललं की त्याच्या कडेला कंगव्याचे दात फुटायचे. ठिणगीने हात उचलला की हाताची फणी व्हायची. दादाने त्या दात्यांपायी चार दिवस घातले. सॉफ्टवेअरमधली एकेक खूण काढून बघायची, घालून बघायची, वहीत लिहायचं. कुलपाचे दाते बसवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे दाते काढायचे होते. पाचव्या दिवशी चित्र नितळ झालं तेव्हा त्याने लाँड्रीवाल्याला इस्त्री खाली ठेवायला लावून ते दाखवलं.

मग सातवी डिस्क सदुसष्ट टक्क्यांवर अडली. घरात तीच सर्वांत जास्त लावलेली, म्हणून चरेही तिच्यावरच. दादाने खणातून पितळ उजळायची पेस्ट काढली, बोटभर फडक्यावर घेतली आणि डिस्क घासली. मी “अरे, अरे” करेपर्यंत ती यंत्रात गेलीसुद्धा, आणि काय आश्चर्य, शंभर टक्के! त्या दिवशी दादा फुटपाथवरून असा चालत होता, जणू फुटपाथ त्यानेच बांधलाय.

गुरुवारच्या आधीचा मंगळवार. एकोणीसच्या एकोणीस डिस्कच्या फाइली तयार. दादाने मला दुपारी बघायला बोलावलं. सातवी फाइल लावली. ठिणगी अंथरुणात, कपाळावर ओली पट्टी, एकही दाता नाही.

“आवाज?” मी विचारलं.

“आवाज कशाला? ती आत आहे ना.”

“म्हणजे तू आवाज ऐकलाच नाहीस?”

त्याने खिळा ओठांच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. तीन आठवडे त्याने प्रत्येक फाइल आवाज बंद करून तपासली होती. घरात वहिनीचा जुना आवाज अचानक वाजू नये, तिला लागू नये, म्हणून. मी आवाज चालू केला.

ठिणगी जपानीत बोलत होता. कोण्या दूरच्या बाईच्या गोड, अनोळखी आवाजात.

आम्ही दुसरी फाइल लावली, दहावी लावली, एकोणिसावी लावली. सगळीकडे तीच बाई.

सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर एक गृहस्थ आहेत, काहीही विचारलं तरी ‘लॉग पाठवा’ एवढंच उत्तर देणारे. दादाने पूर्वी त्यांना उद्धट ठरवून टाकलं होतं. आता त्यानेच लॉग पाठवला. लॉग म्हणजे सॉफ्टवेअरने केलेल्या कामाची रोजनिशी. तासाभरात उत्तर आलं. ‘डिस्कवर आवाजाचे दोन ट्रॅक आहेत. सॉफ्टवेअर आपणहून पहिला घेतं, तो जपानी. तुम्ही दुसरा निवडा. त्यात सहा स्पीकरांचे सहा आवाज वेगळे आहेत, ते एकत्र करू नका. मधल्या स्पीकरचा तेवढा काढा, बोलणं त्यातच असतं, वाद्यं बाजूच्यांत. आणि चित्राची एवढी काळजी कशाला घेतलीत?’

शेवटचं वाक्य दादाने दोनदा वाचलं.

“काही बिघडलं नाही,” मी म्हणालो. “डिस्क आहेत. दुसरा ट्रॅक घे, झालं.”

सातवी डिस्क त्याने पाकिटातून काढून माझ्यापुढे धरली. तिच्यावर ढगाळ काचेसारखा पांढुरका थर होता.

“एकदा घासून इतकी सुधारली ना,” तो म्हणाला, “म्हणून गेल्या रविवारी परत घासली. जरा जास्त.”

कुलूपवाल्याच्या हाताला पुरे हा शब्द कोणी शिकवलेला नसतो. पितळ कितीही घासा, पितळच राहतं.

दुसऱ्या ट्रॅकवर सातवी डिस्क त्रेचाळीस टक्क्यांवर थांबली. साबणाच्या पाण्याने धुतली, त्रेचाळीस. माझ्या संगणकात घातली, एक्केचाळीस. चष्मेवाल्याने भिंगाचं कापड दिलं, परत त्रेचाळीस. बुधवारी दुपारपर्यंत सगळे उपाय संपले. बावीसपैकी साडेनऊ मिनिटं हाती आली.

ती तरी तपासायला हवी होती. दादाचा हात सवयीने आवाज बंद करायला गेला, तेवढ्यात मागून वहिनीने तो मनगटाला धरला. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. दुसऱ्या हाताने तिने आवाज वाढवला.

आठ महिन्यांनी त्या घरात तिचा आवाज आला. वाद्यं नव्हती, वारा नव्हता. एक तापलेलं पोर नळीतून आईला विचारत होतं की जहाज बुडेल का, आणि तू खाली काय करतेयस. पोराचा आवाज, पण श्वास घ्यायची पद्धत वहिनीची. यंत्राशेजारी बसून दादा जमिनीकडे बघत होता. साडेनऊ मिनिटांनी आवाज “आई, अजून किती वे” एवढ्यावर तुटला.

वहिनीचे ओठ पुढे हलत राहिले. पुढची वाक्यं तिला पाठ होती.

दादाने मग सगळं खुणांनीच सांगितलं. जपानी बाई, आवाज बंद ठेवणं, पेस्ट. वहिनीने पाटी घेतली. ‘गाठीलाही पेस्ट लावली नाहीत, हे माझं नशीब.’ मग ते पुसून लिहिलं, ‘आवाज माझा गेलाय. तुमचा कुठे गेला?’



गुरुवारी बाईंनी साडेनऊ मिनिटं ऐकली, ठिणगीची थोडी आरडाओरड ऐकून कान चोळले आणि म्हणाल्या, “यातून होईल तसं करू. पण काही अक्षरं कच्ची राहतील. उरलेला भाग मिळाला असता तर...” दादाने खिशातली डिस्क दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि परत दिली.

महिन्याने यंत्र आलं. दुपारची वेळ होती, दादा एका पेटीचं कुलूप उघडून बसलेला, तोंडात खिळे. वहिनी दुकानाच्या मागच्या दारात आली, यंत्र छातीशी धरलेलं. आवाज कसा येतो, हे ऐकायला मीही खाली आलो होतो. दादाने मान वर केली नाही. धीर होत नव्हता.

तिने सावकाश टाइप केलं. यंत्र बोललं. चाळीस टक्के वहिनी, तीस टक्के ठिणगी आणि बाकी लिफ्टमधली बाई.

“अहो, आधी तोंडातला खिला काढा.”

वहिनीचा चेहरा पडला. तिने परत टाइप केलं. खिला. ‘ळ’ बोटाने नीट दाबून परत. खिला. ज्या बाईने उभी इमारत ‘ळ’ म्हणायला शिकवली, तिच्या यंत्रात ‘ळ’ नव्हता. तो डिस्कच्या उरलेल्या साडेबारा मिनिटांत, त्या पांढुरक्या थराखाली राहिला होता. लाँड्रीवाला हातात इस्त्री घेऊन उभा होता, त्याने बाहेर पाहिल्यासारखं केलं.

चौथ्यांदा यंत्र म्हणालं, “आधी तोंडातला...”

दादाने तोंडातले तिन्ही खिळे काढून हातावर ठेवले.

“खिळा,” तो म्हणाला. अगदी स्वच्छ, जीभ टाळूला लावून. “खिळा. काढला.”