वडगावचा निळा टेंपो

वडगावच्या गल्लीत उभी असलेली ती पांढरी मोटार आणि तिच्या डाव्या दरवाज्यावरचा निळा ओरखडा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. माझ्या निरोप समारंभात दोघा सहकाऱ्यांनी हीच केस सांगितली आणि टाळ्या पडल्या. मात्र दोघांनीही ती अर्धीच सांगितली. उरलेली अर्धी त्यांना ठाऊक नव्हती आणि मी मान खाली घालून हार घेतला. ती आज लिहितो.

मी तेव्हा बेळगावात पोलिस ठाण्यात एएसआय होतो. सकाळची हजेरी संपून आमचा लिखापढीचा हवालदार, म्हणजे रायटर, डायरी उघडत होता, तेवढ्यात वडगावचा एक विणकर दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, अंगात बनियन, केसांत सुताचा कोंडा. थेट मागावरून उठून आला होता.

"साहेब, गाडी हुभी हुती. कुनीतरी ठोकून गेलाय. विमावाले म्हंत्यात, पोलिसांचा कागद आना."

"कुणी पाहिलं?"

"न्हाय."

"आवाज तरी आला असेल, अण्णा?"

"घरोघरी माग चालू. आमच्या गल्लीत तोफ उडवली तरी कळायचं न्हाय."

अज्ञात वाहनाचा गुन्हा म्हणजे ठाण्याला डोकेदुखी. एफआयआर करा, पंचनामा करा, वाहन शोधा, आणि सापडलं नाही की तपास लागला नाही असा 'सी' रिपोर्ट कोर्टात पाठवा. महिन्याच्या आढावा बैठकीत त्यावर बोलणी खायची ती वेगळीच. त्यामुळे आम्ही एक सोपी वाट काढली होती. मी त्याला म्हणालो, "गाडी मागं घेताना खांबाला घासली, असं लिहून द्या. साधी नोंद होईल, तुमचं कामही लवकर होईल."

तो घुटमळला. "पन तसं झालं न्हाय की."

"काम होण्याशी मतलब."

जबाब मी कानडीत लिहिला, त्याला मराठीत वाचून दाखवला. त्यानं सही केली. असा सल्ला मी याआधीही बऱ्याच जणांना दिला होता. कुणाला खांब सांगितला, कुणाला आडवी आलेली म्हैस.

महिन्याभरानं तो विमा कंपनीचं पत्र घेऊन परत आला. नुकसान जबाबाशी जुळत नाही, दावा खोटा, म्हणून नामंजूर. सर्व्हेअरनं ओरखड्याचा निळा रंग नखानं खरवडून त्याला सगळ्या गल्लीसमोर विचारलं होतं, "खांब निळा होता काय? आणि कमरेएवढ्या उंचीवर आडवा चालत आला काय?" लोक हसले होते.

तेवढ्यावर थांबलं असतं तर त्यानं सोसलं असतं. पण गल्लीतल्या देवळाची किल्ली वडिलांपासून त्याच्या घरात होती. पंचांनी ती परत मागितली. खोटा कागद करणाऱ्याच्या हातात देवाचं कुलूप नको म्हणाले.

"माझं नाव सांगितलं का?" मी विचारलं. लाज वाटते, पण पहिला प्रश्न तोच विचारला.

"न्हाय साहेब. सही माझी हाय."

तो उठून गेला. टेबलावरचा चहा माझ्याच्यानं संपला नाही.

पुढचा धागा तक्रारीच्या रूपानं चालत आला. त्याच गल्लीतली एक म्हातारी ठाण्यात आली. आल्या आल्या बाकावर पिशवी आपटली आणि त्यातून फुटका नारळ, हळद-कुंकू लावलेलं लिंबू आणि वाळलेला दहीभात काढला. माझा रायटर खुर्ची मागं सरकवून बसला.

"शेजाऱ्यानं करणी केलीया. दोन आमुशा झाल्या, माझ्या दाराम्होरं उतारा टाकतोय."

"कोण शेजारी, आक्का?"

"त्योच की, गाडीवाला. कागद खोटा करतोय, त्यो करणी करायला काय भितोय?"

"टाकताना पाहिलंत?"

"बगायला कशाला पायजे? नारळ फुटल्याला ऐकला. मग टेंपो चालू झाला, त्यो बी ऐकला. आमुशाला माग बंद असत्यात, सायेब. पाल चुकचुकली तरी कळतंय."

मी तिला थांबवलं. विणकराकडे टेंपो नव्हता. आणि त्याची मोटार जिथं ठोकली गेली, ती जागा बरोबर या म्हातारीच्या दारासमोर होती.

आमच्या भागातले गाडीवाले मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. नवी गाडी कुठं धडकली की त्या जागेवर अमावास्येला उतारा टाकतात, नाहीतर जागा पाठ सोडत नाही म्हणतात. पोलिसांच्या हातून सुटलेला माणूसही तेवढ्यासाठी परत येतो. या टेंपोवाल्याची चूक एकच झाली. मागांच्या खडखडाटात कुणाला काही कळत नाही, अशी त्याची समजूत होती, आणि तो नेमका माग बंद असतात त्या दिवशी येत होता.

पुढच्या अमावास्येला उजाडल्या उजाडल्या मी साध्या कपड्यांत म्हातारीच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. सगळी गल्ली शांत होती. तिनं चहा दिला आणि बजावलं, "शेजारीच सापडंल, बगा."

आला तो निळा टेंपो. निपाणीकडचा, इचलकरंजीहून सूत आणणारा. पुढचा डावा कोपरा नव्यानं रंगवलेला, बाकीच्या निळ्यापेक्षा जरा गडद. तिशीचा चालक उतरला, चप्पल काढली, टेंपोवरून लिंबू ओवाळलं आणि नारळ फोडला. तो वळला तेव्हा मी त्याच्यामागं उभा होतो.

ठाण्यात तो सुरुवातीला ताठ होता. "द्येवाला नारळ फोडला. गुन्हा हाय काय?"

"देऊळ गल्लीच्या त्या टोकाला आहे. म्हातारीच्या दारात कुठला देव आहे रं?"

त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं.

मी आवाज चढवला नाही. एवढ्या वर्षांत एक पाहिलं आहे, निबर गुन्हेगार बोलताना आमच्या तोंडाकडे बघतो. हा सारखा खिडकीतून आपल्या टेंपोकडे बघत होता. मी त्याच्यासाठी चहा मागवला आणि विचारलं, "किती अमावास्या सांगितल्यात?"

"तीन," तो बोलून गेला. मग खाली बसला. "आई म्हनली, जागा शांत कर. पयलीच गाडी हाय साहेब माझी. वळवताना घासली. कुनी भाईर आलं न्हाय, म्हनून पळालो. तवापास्नं दोनदा गाडी बंद पडली."

"ज्याची गाडी ठोकलीस, त्याला का नाही भेटलास?"

"नारळ फोडनं सोपं हुतं."

ते ऐकून माझीच मान खाली गेली.

इन्स्पेक्टर साहेब खूश झाले. अज्ञात वाहन पकडलं गेलं, रंग जुळला, कबुली मिळाली. पण खांबाचा जबाब कागदावर होताच. साहेब कानडीत म्हणाले, "फिर्यादी गोंधळला होता, असं लिही आणि मोकळा हो."

तसं लिहिलं असतं तर विणकर कायमचा एक तर खोटा, नाही तर खुळा ठरला असता. मी लिहिलं, 'फिर्यादीने खरी हकीकत सांगितली होती. खांबाचा मजकूर माझ्या सांगण्यावरून घातला.' खाली सही केली.

साहेबांनी दोनदा वाचलं. "स्वतःच्या हातानं मेमो मागतोयस."

"होय साहेब."

खुलासा मागणारा मेमो आला. बढतीच्या यादीतून नावही गेलं. साहेबांनी माझ्या सहीचा तो कागद बंद पाकिटात वर पाठवला, म्हणून ठाण्यात बाकी कुणाला कळलं नाही, आणि मीही कुणाला कळू दिलं नाही. पण त्याची नक्कल विमा कंपनीला गेली, दावा मंजूर झाला. चालकावर चार्जशीट गेलं. त्याआधी तो आईला घेऊन विणकराच्या दारात जाऊन आला होता.

या केसनं मला तपासातलं नवीन काही शिकवलं नाही. आपण सोपी वाट दाखवतो तेव्हा तिच्यावरून दुसऱ्याला चालावं लागतं, हे शिकवलं. ज्यांना मी खांब आणि म्हशी लिहून दिल्या, त्यांचं पुढं काय झालं, मी कधी शोधलं नाही. ते ओझं माझ्याकडे आहे.

पण एक सकाळ माझी आहे. समन्स बजावायला त्या गल्लीत गेलो होतो. माग सुरू होते, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. देवळाच्या पायरीवर विणकर उभा होता आणि ती म्हातारी त्याला कुलूप लवकर उघड म्हणून हातवारे करत होती. त्यानं मला पाहिलं. काहीतरी मोठ्यानं म्हणाला, मला अक्षर कळलं नाही. मग त्यानं हात वर करून किल्ली दाखवली.