बादलीचे ठिगळ

लासुर्ण्याच्या रस्त्यावर सापडलेला तो तळहाताएवढा पांढरा तुकडा मला आजही जसाच्या तसा आठवतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सायकलवरून चाललेल्या एका म्हाताऱ्याला भरदुपारी स्कूटरने उडवले. मांडीचे हाड मोडले. स्कूटरवाला पळाला, पण पुढच्या प्लास्टिक पॅनेलचा तुकडा मागे राहिला. पंचनामा करून आम्ही तो जप्त केला.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली, जळोचीच्या एका तरुणाने पांढऱ्या स्कूटरचे पॅनेल नुकतेच सांधून घेतले आहे. त्याला स्कूटरसकट ठाण्यात आणले. त्याला सरकारी नोकरी लागत होती. पोलीस पडताळणी तेवढी बाकी होती. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली, हे त्यालाही कळत होते.

"पॅनेल कशानं फुटलं?" साहेबांनी दरडावले.

"म्हशीनं गाडी पाडली, साहेब."

"मग म्हशीला साक्षीला आण!"

सगळे हसले. तरुण रडवेला झाला.

मी महिला हवालदार. साहेबांपुढे सहसा बोलत नसे. पण माझी आई तापल्या उलथन्याने फुटक्या बादल्या सांधायची, ते काम मला येत होते. मी पॅनेल काढायला लावले आणि उलटे करून पाहिले. लांब तडा, त्यावर तारेचे टाके, वर वितळवलेले प्लास्टिक. तडा होता, भोक नव्हते.

"साहेब, ह्याचा तुकडा गेलेलाच न्हाय. सगळं जागच्या जागी हाय."

साहेबांनी जप्त तुकडा पॅनेलवर फिरवला. कुठेच बसेना. मग सांधणाऱ्या कारागिराला बोलावले.

तो म्हणाला, "भोक पडलेलं पॅनेल दुसऱ्यानंच आणलं हुतं. तुकडा आणा, मग सांधतो म्हणलं. तर तसाच निघून गेला." माणूस त्याच्या ओळखीचा होता, एक बागायतदार.

बागायतदार रुबाबात आला. स्कूटर चकाचक रंगवलेली.

"बघा बाई, ओरखडा तरी हाय का? बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय म्हणा!"

मी हे पॅनेलही उलटे केले. आत निळे ठिगळ होते, बादलीच्या प्लास्टिकचे. ते स्कूटरच्या प्लास्टिकला धरत नाही. म्हणूनच आई एका जातीच्या प्लास्टिकला दुसऱ्या जातीचे कधी लावत नसे. मी अंगठ्याने दाबले. ठिगळ टपकन खाली पडले. साहेबांनी त्या जागी आमचा तुकडा ठेवला. कडेला कड जुळली.

बागायतदार न सांगता बाकावर बसला. "पाणी द्या," एवढेच म्हणाला. पुढे त्याने कबुली दिली.

तरुणाच्या पडताळणीवर साहेबांनी त्याच दिवशी सही केली. माणूस घाबरला म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. तेव्हापासून वस्तू असो की जबाब, मी आधी आतली बाजू पाहू लागले, आणि दिसले ते बोलूही लागले.

काही महिन्यांनी तो तरुण डबा घेऊन ठाण्यात आला. म्हैस व्याली होती, डब्यात खरवस होता.

"साक्षीदारानं पाठवलाय, साहेब," तो म्हणाला.

साहेब हसले, आणि पहिली वडी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.